पिण्याचं जुनं फर्निचर : कुलूप, गारवा, आडोसा

जुनं फर्निचर, नवं घर : लेखांक ६

मागच्या आठवड्यात जेवणाची टेबलं झाली, आज घरातल्या बारकडे वळू. मुंबईत मटन स्ट्रीटवर ‘बार कॅबिनेट आहे का?’ असं विचारलंत, तर दुकानदार चार वस्तू पुढे करेल आणि चारही ‘अंग्रेज के जमाने का माल’ असतील. त्यातली घ्यायची कोणती?

पिण्याच्या फर्निचरला मुळात तीनच कामं होती. बाटलीला कुलूप लावणं, तिला गारवा देणं आणि मैफल जमेपर्यंत तिला आडोसा करणं. समोरची वस्तू यातल्या कोणत्या कामासाठी घडवली आहे, ते आधी ओळखा. मग त्या कामाच्या खुणा जिथे असायला हव्यात तिथेच आहेत का, ते तपासा. लाकूड आणि किंमत यांची चर्चा त्यानंतर.

कुलपाचं काम करतो टँटलस. लाकडी चौकटीत दोन-तीन काचेचे डिकँटर आणि त्यांच्या बुचांवरून जाणारी आडवी दांडी. किल्ली फिरल्याशिवाय दांडी हलत नाही आणि दांडी हलल्याशिवाय डिकँटर बाहेर येत नाही. नोकराचाकरांना दारू दिसावी पण मिळू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणून तर गळ्याइतक्या पाण्यात उभं राहूनही तहानलेल्या ग्रीक पुराणातल्या राजाचं नाव त्याला मिळालं. लंडनच्या बेट्जमन यांच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कुलपाचं पेटंट घेतलं आणि ते खूप चाललं. टँटलस घेताना किल्ली मागा, कुलूप चारदा उघडून-लावून बघा. मग डिकँटर उचलून उजेडात धरा. जुन्या चांगल्या डिकँटरच्या मानेवर आणि बुचाच्या खालच्या टोकावर अनेकदा बारीक आकडा कोरलेला असतो. दोन्ही आकडे जुळले तर बूच त्याच डिकँटरचं. न जुळल्यास वस्तू टाकाऊ ठरत नाही, पण भाव उतरायला हवा. अशा जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं आणि मद्य आठवडेच्या आठवडे त्यात राहिलं तर ते शिसं त्यात उतरतं. पाहुणे यायच्या संध्याकाळी भरा, रात्री रिकामा करा.

गारव्यासाठी होती सेलरेट, म्हणजे बाटल्यांची झाकणाची पेटी. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ती साइडबोर्डखाली असायची. फर्निचरकार हेपलव्हाइटच्या १७८८ सालच्या नमुन्यांच्या पुस्तकात अशा पेट्यांची चित्रं आहेत. बर्फाची पेटी असेल तर आतून शिशाचा पत्रा आणि तळाला पाणी काढायची तोटी किंवा बूच असतं. हिंदुस्थानात बर्फ सहज मिळत नव्हता. १८३३ मध्ये बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाज कलकत्त्याला बर्फ घेऊन आलं, तेव्हा ती नवलाई होती. म्हणून ‘बर्फाची पेटी’ म्हणून कुणी पुढे केली तर ती पालथी करून तळ बघा. तोटीभोवतीचं लाकूड काळवंडलेलं हवं. शिशाचा पत्रा मळकट करडा आणि पोचे पडलेला असतो. आत कोरा चकचकीत पत्रा दिसला तर तो नंतर बसवलेला आहे. शिशाला लागलेला बर्फ पेल्यात टाकायचा नाही, आत स्टीलचं भांडं ठेवा. आणि जाताना एक रिकामी बाटली सोबत न्या, कारण जुने कप्पे त्या काळच्या ठेंगण्या बाटल्यांच्या मापाचे असतात. आजची उंच मानेची वाइन त्यात घातली की झाकण लागत नाही.

आडोसा म्हणजे कॉकटेल कॅबिनेट. मुंबईकरांनी सगळ्यांत जास्त लक्ष द्यावं ते इथे, कारण अस्सल माल याच शहरातल्या घरांतून निघतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, त्या काळात बाटली कपाटात दडवणं ही तिथे गरज झाली; इंग्लंडमध्ये मात्र ती फॅशन म्हणून रुळली. मरीन ड्राइव्हच्या इमारती उभ्या राहत होत्या त्याच सुमारास, १९३७ मध्ये, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये ‘आयडियल होम’ प्रदर्शन भरवलं आणि आर्ट डेको घर आतून कसं सजवावं हे मुंबईकरांना दाखवलं. या घाटाच्या कपाटाचे कोपरे गोल, वर व्हिनियर, आत आरसा आणि दार उघडताच लागणारा दिवा.

व्हिनियरवर नखाने टकटक करा. पोकळ आवाज आला तर आतला सरस सुटलाय आणि मुंबईच्या पावसाळ्यात ती पापडी आणखी उठेल. आरशावरचे काळे डाग कडेकडेने असतील तर ते वयाचे. सगळीकडे सारखे शिंपडल्यासारखे असतील तर मुद्दाम पाडलेले. दिव्याची कापडी वेष्टनाची वायर न चुकता बदला. बिजागऱ्यांचे स्क्रू बघा. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले, त्यामुळे ‘व्हिक्टोरियन’ म्हणवणाऱ्या कपाटात ते दिसले तर दुरुस्ती झालीये किंवा वस्तूच नवी आहे. लाकडातल्या बारीक भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर किडा अजून आत आहे.

पॉलिशची परीक्षा मात्र बारच्या फर्निचरचीच खास. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. सांडलेली व्हिस्कीही ती लाख तशीच सोडवते. त्यामुळे पेले ठेवायच्या फळीवर एकही पांढुरकं वर्तुळ नसेल तर पॉलिश नवं आहे, किंवा त्या फळीवर कुणी कधी प्यालंच नाही. मालकाला विचारून, मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब बोटाने लावा. चिकट झालं तर लाख, ढिम्म राहिलं तर मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे नवं पॉलिश.

बाजारात ‘बार’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी वस्तू मूळच्या ग्रामोफोनची कपाटं, चहाच्या ट्रॉल्या नाहीतर वॉशस्टँड असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त भाव बारचा देऊ नका. ट्रॉली घ्याल तर चाकं बघा : दहा भरलेल्या बाटल्या म्हणजे बारा-पंधरा किलो वजन. संगमरवरी माथ्याचं वॉशस्टँड दिसायला देखणं, पण लिंबाच्या रसाने संगमरवर खरवडल्यासारखा होतो. वर काच टाका.

आणि कायद्याचं. महाराष्ट्रात कपाट कितीही जुनं असो, आतल्या बाटलीसाठी परवाना लागतोच. परदेशातल्या लेकाकडे कपाट धाडायचं असेल तर वय नक्की करून घ्या. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर न्यायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे.

दोन कपाटांत मन अडलं तर डागाळलेलं पण न छेडलेलं घ्या. पॉलिश पुढे केव्हाही करता येईल. घासून काढलेल्या खुणा पुन्हा मिळत नाहीत.

(पुढील आठवड्यात : आरामखुर्च्या आणि त्यांचं वेतकाम)