झांबेझीवरचा पूल : झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्याचा साक्षीदार

व्हिक्टोरिया धबधब्याच्या खालच्या अंगाला झांबेझी नदी खोल घळईत शिरते. त्या घळईवर १९०५ साली बांधलेला पोलादी कमानीचा पूल आजही रेल्वे, मालमोटारी आणि पादचाऱ्यांचा भार वाहतो. लांबी १९८ मीटर, पाण्यापासून उंची सव्वाशे मीटरांहून जास्त. एका टोकाला झिम्बाब्वे, दुसऱ्या टोकाला झांबिया. पर्यटक इथे येतात ते तुषारांतले इंद्रधनुष्य पाहायला, नाहीतर पायाला दोर बांधून घळईत उडी मारायला. झिम्बाब्वेच्या मुक्तिसंग्रामाचे अधिकृत स्मारक हरारेत आहे. पण तो लढा कशामुळे निकाली लागला हे समजून घ्यायचे असेल, तर मला हा पूल अधिक बोलका वाटतो.

११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयान स्मिथ यांच्या गोऱ्या अल्पसंख्याक सरकारने ऱ्होडेशियाचे, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेचे, एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले. बहुसंख्य कृष्णवर्णीयांच्या हाती सत्ता जाऊ द्यायची नाही, हा त्यामागचा उघड हेतू होता. वर्षभरापूर्वीच स्वतंत्र झालेल्या झांबियाला समुद्रकिनारा नाही. त्याचे तांबे याच पुलावरून दक्षिणेच्या बंदरांकडे जात असे. जानेवारी १९७३ मध्ये झांबियाने त्या सरकारविरुद्ध लढणाऱ्या गनिमी लढवय्यांना आसरा देऊ नये म्हणून स्मिथ यांनी सीमा बंद केली आणि थोड्याच दिवसांत तो निर्णय मागे घेतला. झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी मात्र आपल्या बाजूने ती बंदच ठेवली. गरीब देशाने स्वतःच्याच व्यापाराचा रस्ता जाणूनबुजून तोडला, हे धाडस थोडेथोडके नव्हते. चीनच्या मदतीने टांझानियाकडे नेलेली नवी रेल्वे पुरी पडेना, खतांची टंचाई झाली, तेव्हा ऑक्टोबर १९७८ मध्ये दक्षिणेची रेल्वे पुन्हा सुरू करावी लागली. पुढच्याच वर्षी ऱ्होडेशियाच्या सैन्याने झांबियात घुसून त्या नव्या रेल्वेचा चांबेशी नदीवरचा पूल उडवला.

त्याआधी, धबधब्याजवळच्या आपल्या पुलावर २५ ऑगस्ट १९७५ रोजी रेल्वेचा डबा नेमका सीमारेषेवर उभा करून वाटाघाटी झाल्या. टेबलाच्या एका बाजूला स्मिथ, दुसऱ्या बाजूला बिशप एबेल मुझोरेवा यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रवादी. मध्यस्थ कौंडा आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जॉन फोर्स्टर. परागंदा नेत्यांना चर्चेसाठी निर्धास्त परत येऊ द्यायचे की नाही, यावर बोलणी फिसकटली. फसलेल्या बैठकीला एवढे महत्त्व कशाला, असे कोणी विचारील. पण वर्णभेदी राजवटीचा प्रमुख आणि एका स्वतंत्र आफ्रिकी देशाचा अध्यक्ष मिळून स्मिथ यांना टेबलाशी आणतात, यातच खरी दोरी कोणाच्या हाती होती ते दिसते. मार्च १९७६ मध्ये मोझांबिकने सीमा बंद केली आणि ऱ्होडेशियाचा सारा भार दक्षिण आफ्रिकेच्या मार्गांवर आला. त्या सप्टेंबरात स्मिथ यांनी दोन वर्षांत बहुमताचे राज्य आणण्याचे तत्त्व जाहीरपणे मान्य केले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : स्वातंत्र्य मिळवले ते जंगलात लढणाऱ्यांनी, शेजाऱ्यांना श्रेय देणे म्हणजे त्यांच्या बलिदानावर पाणी ओतणे. मरण पत्करले ते त्यांनी आणि त्यांना अन्न पुरवणाऱ्या खेड्यांनी, याबद्दल दुमत नाही. त्यांच्या लढ्याशिवाय फोर्स्टर यांनाही स्मिथ यांच्यावर दबाव आणण्याची गरज भासली नसती. परंतु त्या लढ्याचे तळ झांबिया आणि मोझांबिकमध्ये होते, आणि त्या तळांवरच्या बॉम्बहल्ल्यांची झळ त्या देशांनी सोसली. १९७९ च्या अखेरीस लंडनमधल्या लँकेस्टर हाउसमध्ये करार झाला, तेव्हाही लढवय्यांचे एक नेते रॉबर्ट मुगाबे यांना तडजोडीकडे वळवण्यात मोझांबिकचे अध्यक्ष समोरा माशेल यांचा वाटा मोठा होता. फेब्रुवारी १९८० च्या निवडणुकीत १०० पैकी ५७ जागा मुगाबे यांच्या पक्षाला मिळाल्या आणि १८ एप्रिलला झिम्बाब्वे स्वतंत्र झाला. त्या स्वातंत्र्याच्या श्रेयनामावलीत झांबिया आणि मोझांबिक यांची नावे लढवय्यांच्या लगोलग यायला हवीत. धबधबा पाहायला जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी या पुलासाठीही थोडा वेळ राखून ठेवावा.