विषय आणि प्रमेय

संशोधनाच्या आराखड्यात विद्यार्थी विषय सांगतो, प्रमेय सांगत नाही, हा मराठीच्या अध्यापकांचा नित्याचा अनुभव आहे. ‘अमुक लेखकाच्या कादंबऱ्या : एक चिकित्सक अभ्यास’ या शीर्षकातून अभ्यासाचे क्षेत्र कळते, त्या क्षेत्रात काय सिद्ध करावयाचे आहे, ते कळत नाही. परिणामी प्रकरणे कथानकांच्या सारांशांनी भरतात आणि ‘निष्कर्षा’त प्रास्ताविकातीलच वाक्ये भूतकाळी रूप घेऊन अवतरतात. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. शीर्षकांचा हा साचा आपणच त्यांच्या हाती दिला आहे.

ज्याला त्याच संहितेच्या आधारे विरोध करता येईल, असे विधान म्हणजे प्रमेय. ‘हरिभाऊ आपटे यांनी “पण लक्षांत कोण घेतो?”मध्ये स्त्रियांच्या दुःखाचे चित्रण केले आहे’, हे विधान खरे आहे, परंतु ते कोणी नाकारणार नाही, म्हणून सिद्ध करण्याचे प्रयोजनही उरत नाही. येथे विद्यार्थ्याला ‘हे चित्रण कसे केले आहे?’ असे विचारावे. यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते, हे तो सांगेल. ‘त्यामुळे काय घडले?’ हा पुढचा प्रश्न. याचे उत्तर शोधताना बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) शेजारी ठेवली, तर असे विधान हाती येते : पदमनजींच्या कादंबरीत वैधव्य हे प्रवासात भेटणाऱ्या उदाहरणांतून दिसते; हरिभाऊंकडे प्रथमपुरुषी निवेदनामुळे ते आतून भोगलेले आयुष्य होते.

आता दुसऱ्या विद्यार्थ्याला याचे प्रतिविधान लिहावयास सांगावे. तो म्हणेल, पदमनजींची यमुनाही पुढे विधवा होते. मग तिचे वैधव्य केवळ पाहिलेले कसे? आक्षेप रास्त आहे. शिवाय यमूच्या तोंडी जागोजागी सुधारक लेखकच बोलत नाही काय, असाही प्रश्न उरतो. पहिल्या विद्यार्थ्याला पुन्हा दोन्ही कादंबऱ्यांकडे जावे लागते. कदाचित भेद अनुभवात नसून तो अनुभव कोणाच्या आवाजात सांगितला जातो, यात आहे, असे त्याला आढळेल आणि विधान बदलेल. माझ्या मते खरे अध्यापन येथेच घडते. नमुन्याची तयार वाक्ये फळ्यावर लिहून दिल्याने ते घडत नाही.

प्रमेय आरंभी कच्चेच असते. प्रत्येक प्रकरणानंतर ते नव्याने लिहावे, जुने खोडू नये. तारीख घालून ठेवावे. मार्गदर्शकानेही भेटीच्या वेळी आधी ते वाक्य मागावे, प्रकरण नंतर.