‘बुडाले’ आणि ‘बुडवले’ : मुळशी खोऱ्यातील कुलकथेचे व्याकरण

मुळशी खोऱ्यातील पाच-सहा वर्षांच्या मुलाला कुळाची हकीगत सांगताना ‘आपले गाव तळ्याखाली गेले’ हे वाक्य सहज तोंडी येते. यातील ‘आपले’ लक्षणीय आहे. ‘आमचे’ म्हटले असते, तर ऐकणारा वगळला गेला असता. ‘आपले’ म्हणताच तो न पाहिलेल्या गावाचा वारस होतो. मात्र गाव कसे गेले, हे ‘गेले’ या क्रियापदावरून त्याला कळत नाही.

मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने नीला व मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधावयास घेतले. जमिनी मिळविण्यासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे बळ सरकारने तिच्यामागे उभे केले. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी ‘जान किंवा जमीन’ म्हणत सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे व पां. म. बापट हे त्याचे पुढारी. बापटांचे ‘सेनापती’ हे बिरुद याच लढ्यातले. १९२४ पर्यंत लढा ओसरला आणि धरण झाले.

‘गाव बुडाले’ या अकर्मक रचनेत गाव हाच कर्ता असतो. बुडविणारा शोधण्याची गरज वाक्याला भासत नाही. ‘गाव बुडवले’ या प्रयोजक रूपात तृतीयान्त कर्ता अध्याहृत असला, तरी त्याची रिकामी जागा जाणवते आणि मुलाचा ‘कोणी?’ हा प्रश्न तेथूनच उद्भवतो. ‘धरणग्रस्त’ हा रूढ शब्दही ‘पूरग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’ यांच्या साच्यातला. माणसाने बांधलेले धरण तो नैसर्गिक आपत्तींच्या पंक्तीस बसवितो.

तेव्हा ‘बुडवले’ म्हणावे, एवढ्याने प्रश्न मिटत नाही. कर्ता झाकण्याची ही सोय घरालाही उपयोगी पडते. खोऱ्यातील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या व त्यांना लढ्यापेक्षा मोबदल्यात रस होता. ‘सावकारांनी पैसे घेतले’ असे म्हणताना कोणाचीही जीभ अडखळत नाही. पण खापरपणजोबांनीच शपथेनंतर मोबदला स्वीकारला असेल, तर आजीच्या तोंडी ‘मोबदला मिळाला’ येण्याचा संभव अधिक. ‘मिळणे’ या क्रियेत घेणाऱ्याकडे कर्तेपण येत नाही; तो केवळ चतुर्थीत, ‘त्यांना’ म्हणून उभा राहतो. ‘त्यांनी घेतला’ म्हटले, की मूल ‘का?’ असे विचारणार. ‘शेत पाण्याखाली जाणारच होते आणि घरात खाणारी तोंडे होती, म्हणून घेतला’ हे उत्तर सहा वर्षांच्या मुलाच्या आकलनापलीकडचे नाही. त्याची वाक्यरचना तर ते मूल रोज वापरते.