सायकलीवरून द्राक्षांच्या देशात

फ्रान्स देशात द्राक्षमळ्यांतून सायकलीने भटकण्याची एक रीत आहे. बोर्दो, बर्गंडी अशा प्रांतांत लोक जाड टायरांच्या डोंगरी सायकली घेऊन निघतात, वेलींच्या रांगांमधल्या मातीच्या वाटांनी टेकड्या चढतात, वाटेत जुनी मंदिरे, मठ व गढ्या पाहतात आणि सायंकाळी एखाद्या खेड्यात मुक्काम करतात. ही हकीकत वाचली म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित माणसास वाटते की, हे सुख परदेशाचेच. वस्तुतः असा प्रदेश आपल्या सोलापूर जिल्ह्यातही आहे. त्याच्याकडे त्या दृष्टीने आपण पाहिले नाही, इतकेच. आज त्याविषयीच चार शब्द सांगावयाचे योजिले आहे.

प्रथम वाहनाविषयी. सायकलीचे आणि फ्रान्सचे नाते जुने आहे. पुढच्या चाकाला पायटे लावलेली दुचाकी पॅरिसमध्ये 1860 नंतरच्या दशकात लोकप्रिय झाली आणि तेथील सुप्रसिद्ध सायकल शर्यत 1903 पासून सुरू आहे. डोंगरी सायकल मात्र अलीकडची. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात 1970 नंतर काही तरुणांनी जुन्या, दणकट सायकली डोंगरउतारावर पळविण्यास आरंभ केला, त्यातून ती जन्मास आली. रुंद व खाचदार टायर, चढावर पाय हलका करणारी अनेक दाती चक्रे आणि भक्कम ब्रेक ही तिची लक्षणे होत. आमच्या करमाळा-माढा भागात या रुंद टायराचे मोल आणखी एका कारणाने आहे. ते कारण म्हणजे बाभळीचा काटा. येथील गाडीवाटेवर साध्या सायकलीने दोन कोस जावे आणि पंक्चर काढीत बसावे, हा अनुभव आम्हां खेडेगावच्या शिक्षकांस नवा नाही. म्हणून सायकल कोणतीही असो, पंप, ठिगळ व सोल्यूशन यांवाचून या प्रवासास कोणी निघू नये.

आता वाट. आरंभ केमपासून करू. मुंबई-सोलापूर लोहमार्गावरील हे गाव कुंकवाच्या कारखानदारीसाठी सर्वत्र ठाऊक आहे. हळदीपासून कुंकू करण्याचा व्यवसाय येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून ग्रामदैवत उत्तरेश्वराच्या मंदिराभोवती गावाचे जीवन फिरते. येथून नैर्ऋत्येस टेंभुर्णीवरून अकलूजपर्यंत सुमारे पन्नास-पंचावन्न किलोमीटर अंतर भरते. ज्याच्या पायांस सवय आहे त्याने एका दिवसात जावे. इतरांनी दोन दिवस घ्यावेत. रस्ता बहुतेक सपाट, मधूनमधून लांबट चढ-उतारांचा आहे. जमीन मात्र दर काही कोसांस बदलते. कोठे मुरमाड माळ, कोठे काळी कसदार पट्टी. कोठे ज्वारी व तूर, तर कोठे एकदम केळीचे आणि उसाचे हिरवे रान. हा बदल मोटारीतून जाणवत नाही, सायकलीवर मात्र तो प्रथम पायांस कळतो आणि मग डोळ्यांस दिसतो.

या हिरवेपणाचे कारण म्हणजे भीमेवरील उजनी धरण. 1980 साली ते पुरे झाले. त्याच्या जलाशयाची एकूण साठवण सुमारे 117 अब्ज घनफूट असून तीपैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. हिवाळ्यात या उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि ते पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. परंतु या पाण्याखाली अनेक गावे गेली, हेही प्रवाशाने स्मरणात ठेवावे. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर जलाशयात बुडाले; उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले म्हणजे त्याचे शिखर व मंडप उघडे पडतात. एकाचे घरदार बुडाले तेव्हा दुसऱ्याचे शेत भिजले. असे पाणी कोणत्या पिकाला किती द्यावे, हा प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. त्यात ऋणाचाही भाग येतो.

टेंभुर्णीहून पुढे भीमा व नीरा यांचा संगम लागतो. संगमावरील नीरा नरसिंहपूर हे लक्ष्मी-नृसिंहाचे क्षेत्र असून नदीत उतरणारे त्याचे दगडी घाट पाहण्यासारखे आहेत. पुढे नीरेच्या काठी अकलूज. येथील भुईकोट किल्ला आज शांत दिसतो. परंतु 1689 साली संभाजी महाराज पकडले गेल्याची वार्ता औरंगजेबास याच अकलूजच्या छावणीत मिळाली. आषाढात तुकाराम महाराजांची पालखी येथे येते, तर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस व वेळापूर या मार्गाने जाते. वेळापूरचे अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन देवालय अवश्य पाहावे. देवगिरीच्या रामचंद्रदेवाच्या काळातील मराठी शिलालेख या गावी आहेत. आपली भाषा सातशे वर्षांपूर्वी दगडावर कशी उमटली, हे येथे मुलांस प्रत्यक्ष दाखविता येते.

ज्यांना खरोखरीच डोंगर हवा असेल त्यांनी पश्चिमेस महादेवाच्या डोंगररांगेकडे वळावे. शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाच्या चैत्री यात्रेत मोठमोठ्या कावडी मुंगी घाटाच्या उभ्या चढणीने हातांच्या साखळीवर वर चढविल्या जातात. त्या कड्याने सायकल नेण्याचे साहस कोणी करू नये. पण पायथ्याच्या वाटा हिंडण्यास उत्तम आहेत.

आणि याच माळशिरस तालुक्यात, मोटेवाडी, गारवाड व निमगाव या गावांच्या रानांत, आपणांस फ्रान्सची आठवण करून देणारे दृश्य दिसते. 2006-07 च्या सुमारास इटलीतील सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू यांनी एकत्र येऊन येथे वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. ‘फ्रातेल्ली’ हे त्यांनी घेतलेले नाव इटालियन भाषेतील असून त्याचा अर्थच ‘भाऊ’ असा आहे. पिएरो मासी हे इटालियन वाईनतज्ज्ञ त्यांच्यासमवेत होते. सुमारे 240 एकरांत बारा जातींच्या वेली लावण्यात आल्या. त्यांत फ्रान्सची काबर्ने सोव्हिन्याँ आहे तशी इटलीची सांजोव्हेझेही आहे.

खाण्याचे द्राक्ष आणि वाईनचे द्राक्ष यांत भेद काय, असे पुष्कळजण विचारतात. खाण्याचे द्राक्ष मोठे, पातळ सालीचे व बिनबियांचे हवे असते. या कामी आपल्या जिल्ह्याचे नाव मोठे आहे. नान्नजचे नानासाहेब काळे यांनी शोधलेली ‘सोनाका’ ही जात सर्वदूर पसरली. वाईनचे द्राक्ष मात्र लहान, जाड सालीचे, बियांचे व फार गोड असते. रंग, वास आणि तुरटपणा मुख्यतः सालीत असतो. रसातील साखरेवर किण्वाचे सूक्ष्म जीव जगतात व तिचे मद्यार्क आणि कर्बवायू यांत रूपांतर करितात. सालीसकट आंबविले तर तांबडी वाईन होते. साल आधीच वेगळी काढली तर पांढरी.

फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपी जाते. पाने गळतात, छाटणी थंडीत होते आणि काढणी साधारण सप्टेंबरात येते. आपल्याकडे वेलीला झोप नाही. म्हणून येथील बागाईतदार वर्षातून दोन वेळा छाटणी करितो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नव्या काड्या फोडतो. त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढील घड उन्हाळ्यातच गुप्तपणे तयार होतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी केली म्हणजे ते घड बाहेर पडतात व जानेवारी ते मार्चपर्यंत पिकतात. हा क्रम ज्ञानावर उभा आहे. फ्रान्सचा उतारा करून तो साधला नसता.

याहूनही मनोरंजक गोष्ट मुळांची आहे. 1863 च्या सुमारास अमेरिकेतून आलेली एक बारीक कीड फ्रान्समधील वेलींच्या मुळांस लागली आणि काही दशकांत तेथील द्राक्षशेती उद्ध्वस्त होण्याची वेळ आली. औषधे हरली. शेवटी ज्या देशातून कीड आली त्याच देशातील रानवेलींच्या मुळांवर फ्रेंच वेलीचे कलम बांधावे, हा उपाय सापडला. कारण त्या मुळांस किडीची सवय होती. टेक्सास प्रांतातील रानवेलींचा या कामी मोठा उपयोग झाला. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्या बागाईतदारांसमोर दुसरेच संकट होते. पाणी तुटपुंजे व जमीन खारवट होऊ लागली होती. त्यांनीही टेक्सासमधीलच ‘डॉगरिज’ नावाचा खुंट घेतला आणि त्यावर आपल्या वेलींचे पाचर कलम बांधिले. बोर्दोचा शेतकरी व सोलापूरचा शेतकरी, दोघांच्याही वेली आज परक्या मुळांवर उभ्या आहेत. त्याने किडीवर मात केली, याने दुष्काळावर.

येथे एक शंका येणे साहजिक आहे. पंढरीच्या वाटेवर, जेथे गळ्यात तुळशीची माळ आहे, तेथे मद्याचे कौतुक कशास? मी स्वतः मद्य घेत नाही आणि कोणी घ्यावे असेही सांगणार नाही. शिवाय सायकल व मद्य यांची सांगड तर कदापि घालू नये. परंतु बागेत जाऊन वेल, खुंट व छाटणी समजून घेण्यास प्याल्याची जरुरी नाही. दुसरे असे की, याच टापूत नीरेच्या कालव्यांवर 1930 नंतरच्या दशकात सासवडच्या माळी बागाईतदारांनी माळीनगरचा साखर कारखाना उभारला, आणि पुढे उसाने सारा तालुका व्यापला. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहतो व पाणी भरपूर पितो. ठिबकावरील वेल त्या मानाने थोडक्यात भागविते. घामाला व पाण्याला अधिक मोल देणारी पिके कोणती, याचा विचार नीतीच्या प्रश्नाइतकाच अगत्याचा आहे, आणि तो विचार प्रत्यक्ष बांधावर उभे राहून करावा हे बरे.

फ्रान्सपासून घ्यावयाचा खरा धडा निराळाच आहे. बर्गंडीत द्राक्षाच्या लहानलहान तुकड्यांस शेकडो वर्षे स्वतंत्र नावे आहेत. अशा 1247 तुकड्यांची नोंद असून 2015 साली जागतिक वारशात त्यांचा समावेश झाला. सेंत-एमिलियों या गावास तो मान 1999 मध्येच मिळाला. तेथे आपल्या वेरूळच्या लेण्यांप्रमाणे एकाच खडकात खोदलेले चर्च आहे. त्या लोकांनी वेल, बांध, देऊळ आणि नाव ही चारही एकत्र जपली, म्हणून त्यांची माती मोलाला चढली. आपल्याकडे नावांचा तोटा आहे काय? प्रत्येक गावात चिंचेचा मळा, पांढरीचे रान, देवाची पट्टी अशी नावे आहेतच. परंतु ती आज बहुधा वृद्धांच्याच तोंडी उरली आहेत. सात-बाऱ्यावर गट क्रमांक राहील, नाव राहणार नाही. एका पिढीचे मौन पुरे आहे. मग ती नावे पळसनाथाप्रमाणे बुडतील, आणि त्यांच्यावरचे पाणी कोणत्याही उन्हाळ्यात ओसरणार नाही.

म्हणून मार्गशीर्ष ते फाल्गुन या दिवसांत, घड भरत असताना, आपल्या मुलामुलींस घेऊन या वाटेने सायकली काढा. सूर्योदयापूर्वी निघा, पाणी भरपूर बरोबर ठेवा, दुपारचे ऊन देवळाच्या मंडपात घालवा आणि बागेत शिरण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्या. एक लहानशी वही खिशात असू द्या. वाटेत भेटणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास ‘राम राम’ करून या रानाला काय म्हणतात, एवढेच विचारा व ते नाव लिहून घ्या. दोन दिवसांच्या प्रवासात पन्नास नावे जमली, तरी एका पिढीचे ठेवणे पुढच्या पिढीच्या हाती पोचले असे होईल.