साडेबारा टक्के आणि माझी सही

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. वर्तमानपत्रात नवी मुंबईच्या विमानतळाची बातमी होती आणि त्याला कोणाचं नाव द्यायचं याचीही चर्चा होती. माझ्या नातीने विचारलं, "आजी, हे दि. बा. पाटील कोण?" तिला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. त्यात थोडं माझ्या घरातलंही आहे.

मी पनवेलजवळच्या कोन गावात राहते. जुना मुंबई-पुणे रस्ता इथून जातो आणि सावळे-रसायनीकडे फाटा फुटतो. लग्न होऊन मी १९८१ मध्ये इथे आले. माहेर मात्र उरण तालुक्यातलं. भातशेती आणि खाडीची मासळी यांवर आमचं घर चालायचं.

दि. बा. म्हणजे दिनकर बाळू पाटील. जन्म १३ जानेवारी १९२६, उरण तालुक्यातल्या जासईचा. शिकले, वकील झाले, शेतकरी कामगार पक्षात आले आणि १९५७ मध्ये पनवेलमधून विधानसभेवर निवडून गेले. पनवेलने त्यांना पाच वेळा आमदार केलं. विधानसभेत ते विरोधी पक्षनेते होते, दोनदा खासदारही झाले. पण आमच्याकडे त्यांची ओळख पदांवरून झाली नाही. ती झाली जमिनीच्या प्रश्नावरून.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. त्या वेळी कायदा होता १८९४ चा, इंग्रजांनी केलेला. सार्वजनिक कामासाठी सरकारला जमीन घेता येई आणि बदल्यात बाजारभावाच्या हिशेबाने रोख मोबदला मिळे. आता भाताच्या शेताचा बाजारभाव तो किती असणार? तिथे उद्या शहर उभं राहिल्यावर जी किंमत येईल, तिच्यात शेतकऱ्याचा वाटा नव्हता. शिवाय पैसा हातात आला की लग्नकार्यात, घर बांधण्यात दोन-चार वर्षांत संपतो. मग पुढच्या पिढीने काय करायचं?

दि. बां.चा लढा या प्रश्नावर होता. शहराला त्यांचा विरोध नव्हता. ज्याच्या जमिनीवर शहर उभं राहतं त्याला त्या शहरात हक्काची जागा हवी, हे त्यांचं म्हणणं. आमदाराने गटार, रस्ता, नळ यांची कामं करावीच. पण जिथे कायदाच अपुरा आहे तिथे तो बदलायला लावणं हे आमदाराचं खरं काम, असं मला त्यांच्याकडे पाहून वाटत आलं.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत आंदोलन पेटलं. दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले. माझे वडील त्या गर्दीत होते. मी इथे कोनला, कडेवर वर्षाचं मूल. दोन दिवस माहेरचा निरोप नव्हता. तिसऱ्या दिवशी भाऊ येऊन सांगून गेला, "बाबा बरे आहेत," तेव्हा घशाखाली घास उतरला.

पुढे १९९० मध्ये शासनाने निर्णय काढला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून हिशेब सांगते. आमची दोन एकर गेली होती, म्हणजे ८० गुंठे. साडेबारा टक्क्यांनी १० गुंठे होतात. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्क्यांची कपात होते आणि हातात येतात पावणेनऊ टक्के, म्हणजे सात गुंठे. ८० च्या बदल्यात सात. पण ते सात गुंठे रस्ता, वीज, पाणी असलेल्या वसाहतीतले. त्यावर घरं उभी राहिली, दुकानं निघाली, पोरांची शिक्षणं झाली.

आता माझ्या घरातली गोष्ट. भूखंड मिळण्याआधीच वडील गेले. मग वारसदाखला काढावा लागला. त्यावर आईचं नाव, तीन भावांची आणि आम्हा दोघी बहिणींची. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वडिलांच्या हिश्श्याची वारस होतीच, म्हणून आमच्या सह्यांशिवाय काम पुढे सरकेना. १९९६ मध्ये भावाने बोलावलं. जेवणं झाली, साडी नेसवली आणि आम्ही हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कोणी धाक घातला नाही. कोणी विचारलंही नाही. माहेर तुटू नये, एवढंच मनात होतं.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतका हक्क दिला. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. मी त्यांतलीच. २००५ मध्ये देशभराचा कायदा बदलला आणि हा भेद गेला. वडील २००५ मध्ये हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेले व्यवहार या दुरुस्तीने मोडत नाहीत. माझी सही कायम आहे.

भावांवर माझा राग नाही. दुखतं ते वेगळंच. ज्या हक्कासाठी पाच माणसं गेली, तो सरकारकडून मिळाला आणि उंबरठ्याच्या आत आल्यावर आम्ही तो मुलग्यांपुरता केला. यात दि. बां.चा दोष नाही. आमदार कायदा दारापर्यंत आणू शकतो. घरात त्याप्रमाणे वागायचं ते आपण.

२४ जून २०१३ रोजी दि. बा. गेले. त्याच वर्षी संसदेने १८९४ चा कायदा बाजूला सारून रास्त भरपाईचा आणि पुनर्वसनाचा नवा कायदा केला. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विमानतळाला त्यांचं नाव देण्याचा निर्णय घेतला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं.

माझे यजमान गेल्यावर कोनच्या जमिनीची वारसनोंद करायची वेळ आली. मुलगा सहज म्हणाला, "ताई सही देईलच." मी म्हटलं, "ताईने सही द्यायची की नाही हे ताई ठरवेल. हक्कसोड ही देणाऱ्याची मर्जी असते, रिवाज नसतो. आधी तिचं नाव लागू दे." तो थोडा वेळ गप्प बसला. मग दोघं भावंडं मिळून तलाठ्याकडे गेली.

सातबाऱ्यावर आज तीन नावं आहेत. माझं, मुलाचं आणि मुलीचं. दिवाळीला लेक माहेरी येते तेव्हा मी साडी अजूनही नेसवते. तिच्यापुढे कागद मात्र ठेवत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)