धानाच्या बांधीतला सारस

उडणाऱ्या पक्ष्यांत सारस सर्वांत उंच, जवळजवळ ६ फूट. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि लगतच्या भंडारा जिल्ह्यात उरला आहे, तोही मोजक्या जोड्यांपुरता.

पावसाळा हा त्याचा विणीचा काळ. नर-मादी मिळून मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या उथळ काठावर, नाहीतर थेट धानाच्या बांधीत पाणगवत आणि काड्यांचा भलामोठा ढीग रचतात. अंडी बहुधा २. उबवायला महिनाभर लागतो, आळीपाळीने. पिल्लू लवकरच आईबापांमागे चालू लागतं, पण उडायला तीनेक महिने जातात. तोवर ते कुत्र्यांच्या तावडीत सापडू शकतं. मोठ्या पक्ष्यांचा काळ म्हणजे शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारा.

घरटं अभयारण्यात नसून कुणाच्यातरी सातबाऱ्यावर असतं, ही खरी मेख. त्यापायी खाटेएवढं धान जातं, बस्स. तेवढी भरपाई वेळेवर मिळाली आणि अंडी असेपर्यंत त्या बांधीत फवारणी टळली, तर शेतकरी स्वतःच राखण करतो. गोंदियात गावकरी आणि पक्षिमित्र ही राखण वर्षानुवर्षं करत आले आहेत. तलावांचं काम मात्र अवघड आहे: गाळ काढताना उथळ काठ खोल केला, तर सारसाला उभं राहायलाच जागा उरत नाही.