दुर्मिळ बास गिटारीचें मोल

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपणां सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु सोन्याचा भाव रोजच्या वर्तमानपत्रांत छापून येतो. जुन्या वाद्याचा भाव तसा कोठेंही छापलेला सांपडत नाहीं. घरांतील वडील माणूस निवर्तल्यावर त्याचें वाद्य मागें राहतें. मुंबईंत व गोव्यांत तर अशीं घरें पुष्कळच आहेत. कारण गोमंतकीय ख्रिस्ती वादकांच्या कित्येक पिढ्यांनीं हॉटेलांच्या बँडांत व चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आपलें आयुष्य वेंचलें. एके दिवशीं पेटी उघडली जाते आणि कोणी म्हणतो, ‘‘हें लाखों रुपयांचें आहे’’. दुसरा म्हणतो, ‘‘चोरबाजारांत देऊन टाका.’’ या दोघांपैकीं कोणाचें ऐकावें? निवड चुकली तर एखाद्या विधवेचा म्हातारपणचा आधार कवडीमोलानें जातो, किंवा एखादा होतकरू मुलगा बापाची पुंजी खोट्या वस्तूवर घालवून बसतो. म्हणून ही पारख कशी करतात, तें थोडें विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणादाखल आम्हीं जुनी बास गिटार घेतली आहे. तिच्या बाबतींत जाणकारही अडखळतात.

बास गिटार म्हणजे काय, हें लहान वाचकांस आधीं सांगितलें पाहिजे. पाश्चात्त्य वाद्यवृंदांत डबल बास नांवाचें एक प्रचंड वाद्य असतें. दिसावयास व्हायोलिनसारखें, परंतु माणसाहून उंच. त्याच्या खर्जाच्या स्वरावर सारें गाणें उभें राहतें. मात्र तें नेणें-आणणें मोठें जिकिरीचें. अमेरिकेंतील सिएटल शहरीं पॉल टटमार्क नांवाचा एक गिटारवादक व संगीतशिक्षक राहत असे. बँडांतील इतर सोबती एका गाडींतून गप्पा मारीत जात, आणि डबल बासवाल्याची गाडी मात्र त्याच्या वाद्यानेंच भरून गेल्यामुळें त्याला एकट्यानें प्रवास करावा लागे. हें पाहून टटमार्कला त्याची कींव आली, अशी हकीकत त्याच्या मुलानें पुढें सांगितली आहे. १९३६ च्या सुमारास टटमार्कनें गिटारीसारखें आडवें धरून वाजवितां येईल असें विजेचें बास वाद्य तयार केलें. अक्रोडाच्या लांकडाचें अंग, चार तारा, दांडीवर सोळा पडदे, आणि तारांखालीं लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें. या वेटोळ्यास पिकअप म्हणतात. ऑडिओव्हॉक्स या आपल्या छापाखालीं, ‘मॉडेल ७३६’ या नांवानें त्यानें तें विकावयास काढलें. आज जगभर वाजणाऱ्या बास गिटारीची ही पहिली पूर्वज.

परंतु लोकांनीं ती उचलली नाहीं. पुढें १९५१ च्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील फुलरटन गांवच्या लिओ फेंडरनें आपली ‘प्रिसिजन बास’ बाजारांत आणली. हा मनुष्य मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. पडद्यांमुळें स्वर अचूक लागतो, म्हणून त्यानें हें नांव दिलें. ही मात्र चालली, आणि अशी चालली कीं, पुष्कळ वर्षें लोक कोणत्याही बास गिटारीस ‘फेंडर बास’ असेंच म्हणत. १९६० सालीं फेंडरनें तिची धाकटी बहीण ‘जॅझ बास’ काढली.

आतां वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. एका बाजूस जगांतील पहिली बास गिटार, जिचे नमुने आज बोटांवर मोजण्याइतकेच माहीत आहेत. दुसऱ्या बाजूस कारखान्यांत तयार होऊन हजारोंनीं खपलेली जॅझ बास. अधिक मोल कोणाचें? पहिलीचें, असेंच कोणीही म्हणेल. प्रत्यक्षांत २०१८ सालीं एक ऑडिओव्हॉक्स ७३६ इंटरनेटवरील लिलांवांत २३,८५० डॉलरांस गेली. आणि १९६०-६१ सालची, मूळच्या दुर्मिळ रंगांत जशीच्या तशी राहिलेली जॅझ बास याहूनही अधिक किंमत घेऊन जाते. याचें कारण असें कीं, दुर्मिळपणानें वस्तू दुर्मिळ होते, महाग होत नाहीं. महाग होण्यास ती हवी असणारीं दोन माणसें तरी लागतात. फेंडरच्या गिटारी ऐकत ज्यांचें तारुण्य गेलें असे हजारों लोक आज पैसे घेऊन उभे आहेत. टटमार्कचें वाद्य कोणीं ऐकलेंच नाहीं. इतिहासाची आवड असणारे थोडे संग्राहक हाच त्याचा सारा बाजार.

परंतु किंमतीकडे वळण्यापूर्वीं वस्तू खरी कोणती, हें ठरावें लागतें, आणि खरें कसब येथेंच आहे. अडाणी मनुष्य आधीं अनुक्रमांक पाहतो. फेंडरच्या गिटारीस दांडी व अंग जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवर आंकडा कोरलेला असतो. परंतु ही पट्टी चार स्क्रूंनीं बसविलेली असते, आणि चार स्क्रू कोणालाही काढतां येतात. शिवाय कारखान्यांत या पट्ट्या आंकड्यांच्या क्रमानें वापरल्या जात नसत; हातास येईल ती लावीत. म्हणून जाणता कारागीर दांडी सोडवून तिच्या टोंकाशीं लिहिलेली किंवा छापलेली तारीख पाहतो. नंतर आवाज कमीजास्त करण्याच्या बटनाखालील पोटेन्शियोमीटर तपासतो. त्याच्या पाठीवर आंकडे असतात. समजा, १३७६६१३ असे आंकडे आहेत. १३७ ही तो भाग करणाऱ्या कंपनीची खूण, ६६ म्हणजे १९६६ साल, आणि १३ म्हणजे त्या सालचा तेरावा आठवडा. यावरून गिटार १९६६ च्या मार्चअखेरची ठरते काय? मुळींच नाहीं. ती त्यापूर्वींची नाहीं, एवढेंच ठरतें. फेंडरच्या कारखान्यानें १९६६ मध्यें या भागांचा मोठा सांठा घेऊन ठेविला होता, व तो पुढें कित्येक वर्षें पुरला. पुरावा काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, हा भेद आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं भूमितींत शिकलाच आहे. येथें त्याचे पैसे मोजून मिळतात.

तारखेवर एवढा खल कशासाठीं? तर १९६५ च्या जानेवारींत फेंडरनें आपला कारखाना सीबीएस या बड्या कंपनीस १ कोटी ३० लाख डॉलरांस विकला. त्यानंतर काम घसरलें अशी वादकांची समजूत झाली. ती सर्वस्वी खरी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु बाजार समजुतीवर चालतो, आणि त्या विक्रीच्या अलीकडील व पलीकडील गिटारींच्या भावांत मोठें अंतर पडतें.

यानंतर प्रश्न येतो रोगणाचा. त्या काळीं फेंडर मोटारींचे रंग वापरीत असे, व नेहमींच्या रंगाहून निराळा रंग हवा असल्यास गिऱ्हाइकाकडून किंमतीवर शेंकडा ५ अधिक घेत असे. तो ५ टक्क्यांचा रंग आज किंमत कित्येक पटींनीं वाढवितो, आणि म्हणूनच लबाडीही तेथेंच फार. वरचें पारदर्शक रोगण कालांतरानें पिंवळें पडतें. पांढरी गिटार सायीच्या रंगाची होते, निळी हिरवट दिसूं लागते. परंतु तारांखालील पातळ पत्रा काढला कीं, त्याच्याखालीं उजेड न पोंचलेला मूळ रंग जसाचा तसा असतो. तेथें दुसराच रंग निघाला तर काय समजावयाचें तें सांगणें नको. अतिनील किरणांच्या दिव्याखालीं जुन्या व नव्या रोगणाची चमकही निराळी दिसते, त्यामुळें ठिगळ लपत नाहीं. आंतील तारांचे डाख कोणीं हलविले आहेत काय, हेंही भिंगानें पाहतात.

पुन्हा रंगविलेल्या गिटारीची किंमत साधारणपणें निम्मी होते. म्हणून पालकांस आमची कळकळीची विनंति आहे कीं, विकण्यापूर्वीं वाद्य ‘चांगलें दिसावें’ म्हणून तें घांसूं नये, रंगवूं नये, गंजलेले स्क्रूही बदलूं नयेत. तुटलेला भाग निघाला तर कागदांत गुंडाळून पेटींतच ठेवावा. कोंकणच्या पावसाळ्यांतून वाद्य वांचवावयाचें असेल, तर कोरडें फडकें आणि कोरडी जागा पुरे.

नियम सांगितल्यावर अपवादही सांगितला पाहिजे. बीटल्स या विख्यात वाद्यवृंदांतील पॉल मॅकार्टनीनें १९६१ सालीं जर्मनींतील हांबुर्ग शहरीं होफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची एक बास गिटार सुमारें ३० पौंडांस घेतली. गिटार स्वस्तांतली. १९६४ मध्यें ती पुन्हा रंगविली गेली, आणि तिचे पिकअप एका नव्या लांकडी चौकटींत बसविण्यांत आले. म्हणजे वरील नियमानें तिचें मोल घटलें. १९७२ च्या ऑक्टोबरांत लंडनमध्यें एका मोटारींतून ती चोरीस गेली. पन्नासांहून अधिक वर्षांनीं, जाहीर शोध चालू असतां, ती दक्षिण इंग्लंडांतील एका घराच्या माळ्यावर सांपडली, व ती मूळ धन्यास परत मिळाल्याचें २०२४ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झालें. तीच ती हें कशावरून? इतर कामीं दोष ठरणारा तो बदल जुन्या छायाचित्रांत स्पष्ट दिसत होता, आणि तसा बदल दुसऱ्या गिटारींत नव्हता. त्या गिटारीस आज जें मोल आहे तें लांकडाचें नव्हे, तारांचें नव्हे. तिच्या हकीकतीचें आहे, आणि ती हकीकत सिद्ध करतां येते म्हणून आहे. मात्र ती माळ्यावर होती तोंवर उघड बाजारांत तिची किंमत शून्य होती. चोरीचा माल कोणीही राजरोस घेऊं शकत नाहीं.

आतां किंमतीचा आंकडा. दुकानदार वस्तूवर जी किंमत लिहितो ती त्याची इच्छा होय. तशीच वस्तू अलीकडे खरोखर कितीस विकली गेली, तो आंकडा धरावयाचा. तोही एकच नसतो. दुकानदार तुमच्याकडून घेईल तो एक भाव, गिऱ्हाइकास देईल तो दुसरा, आणि विमा उतरवितांना लिहावयाचा तिसरा. तिन्ही प्रामाणिक असूं शकतात. म्हणून ‘किंमत किती’ असें विचारण्याऐवजीं ‘कोणत्या कामासाठीं’ हें आधीं सांगावें. ऑडिओव्हॉक्ससारख्या वस्तूस मात्र शेजारीं ठेवून ताडून पाहावयास दुसरी विक्रीच सहसा सांपडत नाहीं. तेथें लिलांव हाच काय तो मार्ग, आणि त्या दिवशीं हजर असलेल्या दोघांची चुरस हेंच माप. शुभवर्तमानांतील व्यापाऱ्यानें सर्वस्व विकून एक मोती घेतला खरा; परंतु तो मोत्यांचाच व्यापारी होता, हें विसरतां कामा नये.

परदेशीं विकणारानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९५९ नंतरच्या कित्येक फेंडर गिटारींच्या दांडीवर ब्राझीलच्या शिसवीची पट्टी आहे. हें झाड आपल्या सह्याद्रींतील शिसवीच्याच कुळांतलें. परंतु तें दुर्मिळ झाल्यामुळें १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारानें त्याच्या व्यापारावर कडक बंधन आहे. परवानगीच्या कागदांवांचून अशी गिटार सीमेपार विकतां येत नाहीं.

वाद्याबरोबर त्याची मूळ पेटी, पावती, दुरुस्तीचीं बिलें, बँडचे जाहिराती कागद, जें जें असेल तें एकत्र ठेवावें. आजोबांचें तें वाद्य हातांत घेतलेलें छायाचित्र घरांत असेल, तर आजीस आठवतें आहे तोंवर तिला विचारून स्थळ, साल आणि शेजारीं उभ्या असलेल्यांचीं नांवें त्याच्या पाठीमागें पेन्सिलीनें लिहून ठेवावीं.